शेजारच्या आजोबांची मॉर्गन

वैनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कुंपणापाशी या. नाही हो, चहाला नको, गॅसवर वरण ठेवलंय, इथूनच बोलू. लेकीकडून परत आल्यापासून सांगेन सांगेन म्हणतेय आणि रोज काहीतरी आडवं येतंय. तिकडची हवा, भाजीचे भाव, सगळं सांगून झालं, पण शेजारच्या आजोबांचं राहूनच गेलं.

लेक राहते ते गाव माल्व्हर्न. वुस्टरशर परगण्यात, डोंगराच्या कुशीत. तिच्या भिंतीला लागूनच एक रिटायर्ड मास्तर राहतात, भूगोल शिकवायचे. घरात ते आणि आजी दोघंच, मुलगी लांब असते. त्यांच्या गॅरेजमध्ये एक गाडी आहे. गर्द हिरवी, लांबलचक नाकाची, वर पक्का टप नाही, दोनच माणसं मावणार. बॉनेटवरून चामड्याचा पट्टा आवळलेला. मला वाटलं, चिक्कू असतील, जुनी गाडी भंगारात द्यायला जीव होत नसेल. लेकीला तसं म्हटलं तर ती म्हणे, आई, हळू बोल, मॉर्गन आहे ती! आणि आजी काय म्हणतात माहितेय? घराचं छत गळायला लागलं तर ह्यांना शिडी आणायला तीन महिने लागतात, आणि गाडीवर पावसाचा थेंब पडला की चप्पल न घालता धावतात.

आता खरी बातमी ऐका. त्या गाडीच्या आत लाकूड आहे. चेष्टा नाही करत. भाऊंना बोलवा ना बाहेर, त्यांनी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये जन्म काढलाय, त्यांना लगेच कळेल. या भाऊ. चासी लोखंडाचीच हो, लाकडाची नाही. सगळ्यांचा तोच गैरसमज असतो, आणि मॉर्गनवाल्यांना त्याचा भारी राग येतो. आजोबांनी पहिल्याच भेटीत मला दोनदा बजावलं. चासी धातूची, तिच्यावर अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा, आणि सांगाड्यावर पत्रा. तुमच्याकडे टाटा-लेलँडची चासी यायची आणि बॉडी दापोडीत चढायची, तसलाच प्रकार. फक्त तिकडे सुतार अजून पगारावर आहेत.

हे अॅश आपल्या इकडे सहसा दिसत नाही. क्रिकेटच्या स्टंपा त्याच्याच करतात, कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडेही. लवचीक असतं, हादरा पोटात घेतं, चटकन तडकत नाही, शिवाय हलकं. गाडीला दुसरं काय हवं?

कारखाना तिथेच, पिकर्सली रोडवर. जावई एका शनिवारी म्हणाले, आई, चला बघायला; पण तो बंद निघाला. मग आजोबांनीच एका कामाच्या दिवशी नेलं. लाल विटांच्या लांब लांब शेडी, एकापुढे एक, आणि सगळी जागा उतारावर. आत शिरलं की गाड्यांच्या कारखान्याचा वासच नाही. भुसा, सरस आणि पुढच्या शेडमध्ये कातडं. मी तर एका माणसाजवळ जाऊन उभीच राहिले. मागच्या चाकावरची कमान करत होता. अॅशच्या पातळ पट्ट्या, एकीवर एक, मध्ये सरस लावलेला, आणि ती थप्पी गोलाकार साच्यात घालून चहूबाजूंनी शिकंजे आवळत चाललेला. एक शिकंजा पिळायचा, बोटाने कडेचा सरस पुसायचा, मग समोरचा पिळायचा. घाई नाही, बोलणं नाही. मग ते तसंच वाळू द्यायचं. साच्यातून काढलं की लाकूड कमानीच्या आकारातच राहतं. पत्र्याचं कामही तसंच, बॉनेट त्या त्या गाडीच्या मापाने बसवून घ्यायचं. पूर्वी तर एका गाडीचं बॉनेट दुसरीला नीट बसायचंच नाही म्हणे. भाऊ हसतायत बघा, ह्यांना दापोडीची दारं आठवली.

आणि पट्टा वगैरे काही नाही हो, सरकता. आजोबा म्हणाले, अनेक वर्षं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये गाडी माणसंच ढकलत न्यायची.

सुरुवातीची गोष्ट आणखी मजेशीर. एच. एफ. एस. मॉर्गन म्हणून पाद्र्याचा मुलगा. बाप चर्चमध्ये प्रवचन देणारा, आणि हा स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात शिकलेला. पुढे माल्व्हर्नला गॅरेज टाकलं. 1909 साली त्याने तीन चाकांची गाडी केली, माल्व्हर्न कॉलेजातल्या इंजिनिअरिंगच्या मास्तरांनी त्याला वर्कशॉप वापरू दिलं. पैसे? बापाने घातले! आपल्याकडे गुरुजींच्या मुलाने असलं काही काढलं असतं तर आधी बँकेची परीक्षा दे म्हणाले असते. 1910 साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात गाडी मांडली. एकाच माणसाची गाडी, कोण घेणार? मग दोघांची केली, तर लंडनच्या हॅरॉड्सने एजन्सी घेतली आणि दुकानाच्या काचेत गाडी उभी केली. साड्यांच्या दुकानात गाडी म्हणा ना!

तीन चाकं का, तर तिकडे तीनचाकीला मोटारसायकलच्या हिशेबाने कर पडायचा, मोटारीपेक्षा कितीतरी कमी. म्हणजे हौस वगैरे नंतर, आधी काटकसर. चार चाकांची पहिली मॉर्गन आली 1936 साली. नाव काय ठेवलं, फोर-फोर. चार सिलिंडर, चार चाकं. पाद्र्याच्या घरचं नाव, साधं.

आणि वैनी, बायका काही मागे नव्हत्या हं. मॉर्गनची सख्खी बहीण डोरोथी शर्यतीत गाडी चालवायची. पुढे ग्वेंडा हॉक्स म्हणून एक बाई झाली, तिने फ्रान्समध्ये माँतलेरीच्या ट्रॅकवर तीनचाकी मॉर्गन ताशी शंभर मैलांच्या वर पळवून विक्रम केले. कधी, तर आपल्या आज्यांना दारात उभं राहायची चोरी होती तेव्हा. आजोबा मात्र हे सांगत नाहीत, ते 1962 च्या ल मांचं सांगतात. आजींनी सांगितलं मला, स्वयंपाकघरात. ल मां म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत. 1961 ला गाडी नेली तर तिथल्या लोकांनी ही फारच जुनाट दिसते म्हणून परत पाठवली, असं सांगतात. पुढच्या वर्षी परत गेले आणि दोन लिटरच्या गटात पहिले आले. त्या गाडीचा नंबर आजोबांना मुलीच्या वाढदिवसाच्या आधी आठवतो. टीओके 258. मला पण पाठ झाला बघा!

इंजिन कुणाचं विचारताय ना भाऊ? मला माहीत होतं, तुम्ही तिथेच बोट ठेवणार. इंजिन ह्यांचं नाहीच! सुरुवातीला जेएपीचं, मग फोर्ड, ट्रायम्फ, रोव्हर, आणि हल्ली बीएमडब्ल्यू. मी आजोबांना तोंडावर म्हटलं, मग हाताने बनवली कुठली? ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, इंजिन तर कुणीही करतं. पटलं नाही मला ते, सांगून ठेवते. इंजिनवाल्यांनी ऐकलं तर काय म्हणतील! पण त्यांचा रोख मला नंतर कळला.

तो कळला वाट बघण्यावरून. आजोबांची गाडी सत्तरीच्या दशकातली. नाव नोंदवलं तेव्हा लेकरू व्हायचं होतं, आणि गाडी दारात आली तेव्हा ती पोर दप्तर घेऊन शाळेत जायला लागली होती. मी म्हटलं, यात काय विशेष, आमच्या शेजारच्या भाऊंनी बजाजच्या स्कूटरला नाव नोंदवलं होतं, त्यांचेही केस पांढरे व्हायला लागले होते. आठवतंय ना? आकुर्डी इथून ती काय लांब, रोज कारखान्याच्या वाटेने लोक ये-जा करायचे, आणि स्कूटर मिळायला वर्षानुवर्षं. डॉलरमध्ये पैसे भरणाऱ्याला आधी, आपल्याला नंबर लागला की. काहींनी तर नंबर लागल्यावर स्कूटर न बघताच वरचे पैसे घेऊन विकून टाकली.

तर आजोबा काय म्हणाले! म्हणे, तुमच्याकडे सरकारने किती बनवायच्या ते ठरवून दिलं होतं, दुसरी घ्यावी तर दुसरी होती कुठे? आमच्याकडे दुकानात एमजी उभी, ट्रायम्फ उभी, पैसे टाका आणि चालवत घरी न्या. तरी मी थांबलो. आणि बघा वैनी, एमजीचा तो ॲबिंग्डनचा कारखाना 1980 ला बंद पडला, ट्रायम्फच्या मोटारीही पुढे चारेक वर्षांत संपल्या, आणि ही लाकडाची गाडी अजून बनतेय. मी गप्प बसले. भाऊ, तुम्हीही गप्प बसलात ना? तुमच्या स्कूटरवर प्रेम होतं तुमचं, मी नाही कुठे म्हणतेय? पण ते आल्यानंतरचं. ह्यांचं गाडी यायच्या आधीच सुरू झालं होतं. मधल्या वर्षांत हा माणूस कारखान्यात जाऊन यायचा, रंग बदलायचा, कातडं बदलायचा, कुठल्या शेडमध्ये कोण काम करतं ते बघून यायचा. इंजिनापेक्षा त्यांना ती माणसं ठाऊक होती.

ह्या वाट बघण्यावरून एक मोठा तमाशाही झाला होता. 1990 साली बीबीसीवर ट्रबलशूटर नावाचा कार्यक्रम लागायचा. सर जॉन हार्वे-जोन्स, आयसीआयसारख्या अवाढव्य कंपनीचे माजी अध्यक्ष, मिशा, भडक टाय. ते कंपन्यांत जायचे आणि काय चुकतंय ते सांगायचे. इथे आले तर आठवड्याला जेमतेम नऊ-दहा गाड्या बाहेर पडतायत आणि बाहेर वर्षानुवर्षांची रांग. त्यांनी डोक्यालाच हात लावला. उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, नव्या पद्धती आणा, नाहीतर बुडाल. तेव्हा मालक होते संस्थापकाचा मुलगा पीटर मॉर्गन. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्याला हवं तेच केलं. आणि गंमत म्हणजे कार्यक्रम दाखवल्यावर लोकांनी फोन करून करून आणखी नावं नोंदवली! टीव्हीवर कुणी धंद्याचे धिंडवडे काढावेत आणि रांग आणखी वाढावी, असं नशीब कुणाला मिळतं?

पण मी म्हणते, सर जॉन अगदीच चुकले होते का? आजोबांच्या कंपूत असं बोलायची सोय नाही, म्हणून इथे बोलते. पुढे हळूहळू त्यांनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी केल्याच ना. आता रांग काही महिन्यांवर आलीय. वर्षाला अजून हजाराच्या आतच गाड्या निघतात, पण चासी आता अॅल्युमिनियमची, जुनी पोलादी 2020 च्या सुमाराला बंद. आणि घराणं? 2013 साली संस्थापकाचा नातू संचालक मंडळाबाहेर पडला, आणि 2019 ला इन्व्हेस्टइंडस्ट्रियल म्हणून इटालियन गुंतवणूकदारांच्या गटाने बहुतेक सगळी मालकी घेतली. घराण्याकडे थोडा हिस्सा उरला, कामगारांनाही शेअर दिले म्हणे. हा विषय निघाला की आजोबा खिडकीबाहेर बघतात. आजी म्हणतात, विषय बदला.

आता त्यांच्या कंपूचं सांगते, तेच तर सांगायचं होतं. तिकडे मॉर्गनवाल्यांचे रीतसर क्लब आहेत, तीनचाकीवाल्यांचा वेगळा, स्पोर्ट्स कारवाल्यांचा वेगळा. तो 1951 सालापासून चालू आहे. महिन्याला कुठल्यातरी पबमध्ये जमतात. मला वाटलं सगळे लॉर्ड असतील. कसले! एक दातांचा डॉक्टर, एक प्लंबर, एक नर्सबाई, तिला वडिलांची गाडी मिळालेली. बसायला सगळे एका टेबलाला. बोलणं काय, तर कार्ब्युरेटर आणि गुडघे. कुणाच्या दाराखालचं लाकूड कुजलं, कुणाला कुठल्या सालचा दिवा मिळत नाही. आणि हे सगळे त्याला लगेच सांगतात, अमक्याकडे आहे, मी उद्या घेऊन येतो. मागे एक सभासद वारले, बायकोला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एक दलाल पडेल भावात मागत होता. हे चौघं गेले, गाडी तपासली, भाव काढला, आपल्यातलंच गिऱ्हाईक बघून दिलं. बाईला हिशेब कागदावर लिहून दिला. गणपती मंडळातसुद्धा एवढं होत नाही हो आपल्या.

रस्त्यात एक मॉर्गन दुसरीला भेटली की दोघं हात करतात. ओळख नाही, पाळख नाही. आजोबा तर दोन्ही हात सोडून करतील की काय अशी मला भीती.

हो, त्या गाडीत बसले ना मी! सोडतात की काय. पंजाबी ड्रेसवर, डोक्याला स्कार्फ. आत उतरायचं म्हणजे उतरायचंच, बूड जवळजवळ रस्त्याला टेकतं. निघायच्या आधी त्यांनी पायाने एक बटण दाबलं. काय ते विचारलं तर म्हणाले, पुढच्या चाकांचे खांब आहेत, त्यांना इंजिनातलं तेल पाजायचं, आणि ते इंजिन थंड असतानाच. ही पुढच्या चाकांची रचना 1909 च्या पहिल्या गाडीपासूनची. तेल पाजलं तरी खड्डा तो खड्डाच. माझ्या कमरेला कळला प्रत्येक. आणि गावाबाहेर पडलो तोच पाऊस. मग गाडी बाजूला घेऊन कापडी टप चढवायचा, बटणं लावायची, बाजूच्या खिडक्या खोचायच्या. ते होईस्तो पाऊस थांबला आणि आम्ही दोघं भिजून चिंब. म्हातारा काय खूश! मी म्हटलं, अहो आजोबा, नव्या गाडीत हे सगळं सोपं केलंय ना? तर म्हणाले, केलंय, म्हणून तर नवी घेत नाही.

नवीची किंमत विचारू नका. मी गेले तेव्हा साठ-सत्तर हजार पौंडांच्या पुढे होती, म्हणजे आपल्या पैशात पाऊण कोटीच्या घरात. त्यात रंग, कातडं, दिवे, आवडीचं घातलं की आणखी वर. दोन माणसं, डिकी अशी नाहीच, मागे सामान बांधायचं. आणि कारखान्याच्या दुकानात टोप्या, मग, किल्लीच्या साखळ्या, सगळ्यांवर मॉर्गनचं नाव. परंपरा विकायची म्हटली की हे आलंच, मग देश कुठलाही असो. जावयांनी एक टोपी घेतली, किंमत ऐकून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तर माझं मत विचाराल तर, गाडी म्हणून मी ती घेणार नाही. कंबर नाही माझी तेवढी, आणि पाऊण कोटीही नाहीत. पण त्या माणसांचा मला राग येत नाही. आपल्याकडे महागडी गाडी आली की काचा काळ्या आणि शेजाऱ्याला हॉर्न. ह्यांच्या गाडीला तर बाजूला काचाच नाहीत, सिग्नलला कुणीही थांबून विचारतं, आणि हे उत्तर देत बसतात, मागे रांग लागली तरी. भाऊ, तुम्ही आजोबांना भेटायला हवं होतं. त्या कमानीपाशी उभं राहून तुम्ही दोघांनी जेवण चुकवलं असतं, भाषा येवो न येवो.

आणि हो, तुमचा मुलगा बर्मिंगहॅमला जाणार आहे ना पुढच्या वर्षी? माल्व्हर्न तिथून रेल्वेने तासाभरावर. कारखाना तिकीट काढून दाखवतात, पण आधी नाव नोंदवून जा आणि कामाच्या दिवशी जा, नाहीतर आमच्यासारखं बंद दार बघून परत याल. पायात सपाट चपला घाला वैनी, सगळा उतार आहे. आणि टोपी घेऊ नका.